स्वस्तातल्या चार वाईन, सहा दोस्त आणि जेवणाआधीचा एक तास : घरच्या घरी टेस्टिंग नीट कसं करायचं

आपल्याकडं कोल्हापुरात घरी वाईन टेस्टिंग म्हणून जे होतं ते बहुतेक वेळा असं असतं. चार बाटल्या एकदम उघडतात, व्हाईट फ्रीजरमध्ये विसरल्यानं अर्धी बर्फ झालेली, रेड एप्रिलच्या उकाड्यात टेबलावर राहून कोमट झालेली, शेजारी भडंग, खर्डा, शेंगदाणे, आतनं मटण शिजल्याचा वास, आणि पाऊण तासानं कुणाच्या ग्लासात काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही. मग निकाल ठरलेला, "वाईन म्हणजे आंबट पाणी राव, त्यापेक्षा आपली नेहमीची बरी." त्या आठशे रुपयाच्या बाटलीत खोट असतेच असं नाही, गडबड तयारीत आणि क्रमात झालेली असते.

मी काही तज्ज्ञ नाही आणि हे तज्ज्ञांसाठी लिहिलेलंही नाही. साधारण ५०० ते १००० रुपयांच्या मधल्या बाटल्या, घरचा हॉल आणि पाच-सहा ओळखीची माणसं, एवढ्यावर काय करता येतं ते सांगतोय. एकच गोष्ट आधी डोक्यात पक्की करा की टेस्टिंग हा "बसायच्या" आधीचा एक तास आहे. तो तास वेगळा काढा, त्यात चखणा नाही, रस्सा नाही, गाणी हळू, आणि मग पुढं रात्रभर काय गोंधळ घालायचा तो घाला.

१. दिवस, माणसं आणि घरी परत जाणं

पाच-सहा जण पुरे. आठच्या वर गेलात की पंगत होते, पहिल्या माणसाला ओतून शेवटच्यापर्यंत पोचेस्तोवर पहिल्याचा ग्लास रिकामा झालेला असतो.

दिवस ठरवताना ड्राय डे बघा आणि श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार सोडून द्या, नाहीतर सहातले तिघं येणार आणि सोडा पिऊन बाकीच्यांना नावं ठेवत बसणार. वाईनसाठी २१ वर्षं पूर्ण पाहिजेत, आणि परमिट लागतं, एक दिवसाचं दुकानातच मिळतं, ते घेताना लाजू नका.

न पिणारा एक जण मुद्दाम बोलवा. बाटल्या झाकणं, नंबर देणं, ओतणं ही सगळी कामं त्याची, पुढं कळेल तो किती कामाचा आहे ते, आणि शेवटी सगळ्यांना घरी सोडायलाही तोच.

*इशारा :* "वाईनच आहे, काही होत नाही" हे खोटं आहे. ५० मिलीच्या चार चवी म्हणजे २०० मिली, १३ टक्के अल्कोहोल धरलं तर ते जवळजवळ ६० मिली व्हिस्कीएवढंच झालं, म्हणजे एक लार्ज. आणि हे झालं टेस्टिंगचं, जेवणाबरोबर घ्याल ते वेगळं. गाडी चालवताना रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सापडलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रिक्षा सांगा, पाहुण्याला ठेवून घ्या, पण किल्ली काढून ठेवा.

२. बाटल्या घेणं

चार बाटल्या. पाचवी घ्यायचा मोह होतोच, घेऊ नका, चौथ्यानंतर नवख्या माणसाची जीभ काही सांगत नाही, ती फक्त पीत असते.

पहिल्यांदा करत असाल तर एक सोव्हिन्यों ब्लाँ, एक शेनिन ब्लाँ (या दोन्ही व्हाईट), एक रोझे (गुलाबी) आणि एक शिराझ (रेड) अशी चौकडी घ्या. नावं अवघड वाटली तरी दुकानात लेबल दाखवून मागता येतात, "सोविग्नॉन" म्हटलं तरी दुकानदाराला कळतं, त्याचं त्यालाही तसंच येतं. दुसऱ्यांदा करताना उलटं करा, एकच द्राक्ष पण कंपन्या वेगळ्या, म्हणजे तीन ठिकाणच्या तीन शिराझ, त्यात शिकायला खरं तर जास्त मिळतं पण पहिल्याच वेळी केलं तर सगळ्या सारख्याच लागतात आणि लोक वैतागतात.

बाहेरदेशीच्या बाटलीच्या मागं लागायची गरज नाही. नाशिकच्या सुला, यॉर्क, बंगळूर-नाशिक दोन्हीकडं असलेली ग्रोव्हर झॅम्पा, आणि अकलूजची फ्रटेली, ती तर आपल्याला सांगली ओलांडलं की सोलापूर जिल्ह्यातच. यांच्या साध्या रेंजमधल्या बाटल्या टेस्टिंगला भरपूर झाल्या. एवढ्याच पैशात बाहेरची घ्यायला गेलात तर किमतीतला बराच भाग ड्युटीचा असतो, वाईनला त्यातलं थोडंच मिळतं.

दुकानात गेल्यावर हे बघा :

बाटली कुठं उभी होती ते आधी. काऊंटरच्या वरच्या फळीवर, ट्यूबलाईटच्या खाली, दुकानाच्या तोंडाशी उन्हात, अशा जागेवरची बाटली, जिच्यावरची धूळ दुकानदार तुमच्यासमोर फडक्यानं पुसून देतो, ती नको. "आतल्या खोक्यातली द्या" म्हणायचं. बियर आणि व्हिस्कीवर चालणाऱ्या दुकानात वाईन महिनोनमहिने पडून असते आणि आपल्याकडं मार्च ते मे फळीवरची बाटली रोज तापते. जिथं वाईन खपते त्या दुकानात जा, दहा मिनिटं लांब पडलं तरी.

मग लेबलावरचं साल. आपल्याकडं वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळं त्या सालातली व्हाईट त्याच वर्षी दुकानात यायला लागते. स्वस्तातली व्हाईट आणि रोझे एक-दोन वर्षांच्या आतली घ्या, रेड तीन-चार वर्षांपर्यंत चालते. "वाईन जुनी तेवढी भारी" हे ठराविक महागड्या वाईनला लागू आहे, आपल्या सातशेच्या बाटलीला नाही, ती लवकर प्यायलाच केलेली असते.

बूच असेल तर ते तोंडाच्या वर आलेलं, गळ्याजवळ चिकट ओघळ, असं काही दिसलं की बाटली तापलेली आहे, परत द्या. स्क्रूचं झाकण म्हणजे हलकी वाईन असं काही नसतं, उलट आपल्यासारख्यांना तेच सोयीचं, ओपनर शोधत फिरायला नको आणि बुचाच्या बुरशीचा धोकाही नाही.

*इशारा :* गोव्यासनं येताना कुणीतरी "स्वस्त मिळाली" म्हणून आणतोच. फक्त गोव्यात विकायची म्हणून लेबल असलेली बाटली इकडं आणली की एक्साईजवाले घाटाखाली नाहीतर नाक्यावर धरतात, आणि समजा नाही धरलं तरी सहा तास डिकीत भाजलेली वाईन टेस्टिंगला काय कामाची.

अजून एक सापळा, पोर्ट वाईन. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी "वाईन" म्हणून आधी तीच चाखलेली असते, गोड, घट्ट, स्वस्त. आवडत असेल तर खुशाल प्या, पण बाकीच्या ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, वाईनच्या मध्ये ती आली की पुढची प्रत्येक बाटली कडू आणि आंबट लागणार. आणायचीच असेल तर सगळ्यात शेवटी.

पैशाचं सांगायचं तर चार बाटल्या सरासरी ८०० धरल्या तर ३२००, सहा जणांत डोक्याला साडेपाचशेच्या आत. ७५० मिलीच्या बाटलीत ५० मिलीच्या १५ चवी निघतात, सहा जणांना ३०० मिली लागतात, म्हणजे अर्ध्याहून जास्त बाटली जेवणाला उरते. ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळाली तर सहा जणांच्या टेस्टिंगला ती बरोबर पुरते, विचारून बघा, सगळीकडं ठेवत नाहीत.

३. ग्लास, पाणी आणि घरातला वास

याच्यावर कुणी लक्ष देत नाही आणि निम्मं टेस्टिंग इथंच बिघडतं.

ग्लास काचेचे, दांड्याचे, तोंडाशी जरा आत वळलेले. प्रत्येकाला दोन मिळाले तर फार बरं, दोन वाईन शेजारी-शेजारी ठेवता येतात. नसतील तर क्रॉकरीवाल्याकडनं साधे घ्या नाहीतर केटरिंगवाल्याकडनं भाड्यानं आणा. स्टीलचा ग्लास नाही, प्लॅस्टिकचा नाही, कागदी कप तर अजिबात नाही, त्याला पुठ्ठ्याचा वास असतो. सगळे ग्लास एकाच आकाराचे पाहिजेत, कारण ग्लास बदलला की वासही थोडा बदलतो आणि मग तुम्ही वाईनची नाही, ग्लासाची तुलना करत बसता.

दुपारी ग्लास गरम पाण्यानं, साबणाशिवाय विसळा आणि धुतलेल्या सुती पंच्यानं पुसा. कपाटात पालथे घातलेल्या ग्लासात लाकडाचा, डांबरगोळ्यांचा वास कोंडलेला असतो.

*तपासून बघा :* रिकामा ग्लास नाकाला लावा. साबण, कपाट, फडकं, कसलाही वास आला तर परत विसळा.

आता घर. संध्याकाळी सातला दिवा लागतो, उदबत्ती लागते, त्यामुळं एकतर टेस्टिंग त्याच्या आधी उरकायचं नाहीतर उदबत्ती त्या दिवशी गॅलरीतल्या तुळशीपाशी. डासांची कॉईल बंद, रूम फ्रेशनर बंद. मोगऱ्याचा गजरा कितीही छान असला तरी तो एक तास दुसऱ्या खोलीत. सेंट मारून येऊ नका असं ग्रुपवर आदल्या दिवशीच टाका. तंबाखू, मावा आणि सिगरेटवाल्यांना स्पष्ट सांगा की यायच्या आधी अर्धा-पाऊण तास बंद, चूळ भरून या. चूळ साध्या पाण्याची, पेस्टनं ब्रश करून लगेच काही आंबट प्यायलं की ते कडूजहर लागतं, संत्र्याच्या ज्यूसवर हा अनुभव सगळ्यांनीच घेतलाय.

आणि मटण? मटण सकाळी किंवा दुपारीच करून ठेवा. फोडणीचा वास हॉलमध्ये असेल तर सोव्हिन्यों ब्लाँचा वास कुठनं येणार, तुम्हाला खोबऱ्याचं वाटणच येणार.

टेबलावर एवढंच ठेवा : साधं पाणी भरपूर, साधा पाव नाहीतर ब्रेडचे तुकडे, बिनमिठाची बिस्किटं मिळाली तर ती, पांढरा कागद, पेन, आणि उरलेली वाईन ओतायला एक मोठा तांब्या. जुन्या घरातली पितळी पिकदाणी माळ्यावर पडलेली असेल तर घासून काढा, तिला परत काम मिळेल.

४. थंड करायचं वेळापत्रक

टेस्टिंग संध्याकाळी ६ ला आहे असं धरून :

दुपारी ३ ला व्हाईट आणि रोझे फ्रीजमध्ये. फ्रीजरमध्ये नाही.
५:२० ला रेड फ्रीजमध्ये अर्ध्या तासासाठी, उन्हाळ्यात ५:१० ला, म्हणजे ४० मिनिटं.
५:५० ला सगळं बाहेर.

व्हाईट ८ ते १० डिग्रीला, रोझे १० ते १२, रेड १५ ते १८ ला चांगली लागते. "रेड रूम टेम्परेचरला प्यायची" हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण ती रूम थंड देशातली आहे, एप्रिलमध्ये ताराबाई पार्कातल्या हॉलमध्ये ३२-३३ डिग्री असतं आणि तसल्या गरम शिराझमधनं नाकात स्पिरिटच चढतं, फळ कुठं जातं कळत नाही.

वेळ कमी असेल तर बादलीत बर्फ, बर्फाएवढंच पाणी आणि मूठभर मीठ, बाटली गळ्यापर्यंत बुडवा, वीसेक मिनिटांत व्हाईट तयार. नुसत्या बर्फात ठेवली तर बर्फ दोन-चार जागीच टेकतो आणि बाटली तशीच राहते, पाणी घालायला लोक विसरतात.

*इशारा :* फ्रीजरमध्ये विसरलेली वाईन गोठताना फुगते, बूच वर येतं नाहीतर काच तडकते, स्पार्कलिंग (फेसाळ वाईन) असेल तर धोकाच. शिवाय अति थंड वाईनला वास राहत नाही. बर्फाचा खडा टेस्टिंगच्या ग्लासात नाही, नंतर जेवताना टाका, माझी काही हरकत नाही.

५. जिभेची तालीम

हे दहा मिनिटांचं आहे, लोक हसतात, पण एकदा करा. तीन वाट्या घ्या. एकीत बिनसाखरेचं लिंबूपाणी, एकीत दुप्पट पावडर घालून उकळलेला आणि गार केलेला कोरा चहा, एकीत साखरपाणी. प्रत्येकानं एकेक चमचा तोंडात घोळवायचा आणि कुठं काय होतं ते बघायचं.

लिंबानं जबड्याच्या कडेनं लाळ सुटते, वाईनमधला आंबटपणा असाच ओळखायचा, लाळ किती आणि किती वेळ सुटते त्यावर. चहानं जीभ आणि हिरड्या कोरड्या पडून खरखरीत होतात, तो तुरटपणा, रेडमध्ये द्राक्षाच्या सालीतनं आणि बियांतनं येतो, त्याला टॅनिन म्हणतात. साखरेचं सांगायला नको. नवखा माणूस आंबट आणि तुरट दोन्हीला एकच शब्द वापरतो, "कडू". प्रत्यक्षात कडू फार क्वचित काही असतं, तुरट असतं नाहीतर आंबट असतं, आणि हे वेगळं काढता आलं की अर्धं काम झालं.

वासासाठी पण तसंच. कपिलतीर्थ मार्केटातनं येताना एक पेरू, एक ढब्बू मिरची, एक लिंबू आणा, घरात मिरी, लवंग, बेदाणे असतातच, मे-जून असेल तर करवंदं, जांभळं. एकेक चिरून किंवा कुटून झाकलेल्या वाटीत ठेवा. मग पहिली वाईन हुंगताना शेजारी चिरलेल्या ढब्बूची वाटी उघडायची, एकदा ग्लास, एकदा वाटी, एकदा ग्लास. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये तो हिरवट वास खरंच असतो, आणि ज्या माणसानं आत्तापर्यंत "वाईनचा वास येतोय" एवढंच म्हटलेलं असतं तो एकदम मान वर करून बघतो. शिराझसाठी हेच काळ्या मिरीबरोबर करा, दोन्हीत वास देणारा पदार्थच एक असतो, त्यामुळं ही काही हवेतली गोष्ट नाही. शेनिनला पेरू, अननस, कधी मधाकडं झुकणारं काहीतरी.

इंग्रजी लेबलावरची गूजबेरी, ब्लॅककरंट असली फळं शोधत बसू नका, आपण ती खाल्लेलीच नाहीत. आवळा म्हणा, करवंद म्हणा, तुती म्हणा, "शाळेच्या बाहेर मिळायची ती बोरं" म्हणा, कागदावर तेच लिहा.

६. झाकणं, ओतणं, चाखणं

न पिणारा माणूस आता कामाला लागतो. त्यानं आत जाऊन बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून रबर लावायचं आणि १ ते ४ नंबर टाकायचे, झाकणं काढून खिशात. कुठला नंबर कुठली बाटली हे त्यालाच माहीत. किंमत आणि नाव दिसलं की जीभ खोटं बोलायला लागते, हजारवाली सगळ्यांना आवडते, पाचशेवाली कुणालाच नाही.

क्रम हलक्याकडनं जडाकडं : स्पार्कलिंग असेल तर पहिली, मग सोव्हिन्यों ब्लाँ, मग शेनिन, मग रोझे, मग रेड, गोड सगळ्यात शेवटी. शेनिन काही कंपन्यांची थोडी गोडसर असते, मागच्या लेबलावर तसं लिहिलेलं असेल तर ती रोझेच्या नंतर सरकवा. रेडनंतर परत व्हाईटवर यायचं नाही, तुरट झालेल्या जिभेवर व्हाईट म्हणजे पाणी.

ओतायचं ५० मिली. एकदा मोजपात्रानं पाणी ओतून ग्लासात ते कुठपर्यंत येतं ते बघून ठेवा, अंदाजानं ओतलं की आपला हात नेहमी मोठाच पडतो. ग्लास एक तृतीयांशाच्या वर भरला तर फिरवता येत नाही, आणि फिरवायलाच तर एवढा मोठा ग्लास घेतला.

मग प्रत्येक वाईनला हेच, घाई न करता :

ग्लास दांड्याला धरा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघा. नवी व्हाईट फिक्या लिंबाच्या रंगाची असते, तपकिरीकडं झुकली असेल तर शंका घ्या. ग्लासाच्या आतनं ओघळणाऱ्या रेषा बघून कुणी "भारी आहे" म्हटलं तर ऐकून सोडून द्या, त्या अल्कोहोल आणि साखरेमुळं येतात, दर्जाशी संबंध नाही. तळाला साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते वाईनमधल्या आम्लाचे असतात, अपाय नाही.

न हलवता एकदा हुंगा. मग ग्लास टेबलावरच ठेवून गोल फिरवा, हवेत फिरवायला गेलात की पहिली शिंतोडी पांढऱ्या शर्टावर. परत हुंगा, नाक आत घालून, दोन-तीन छोटे श्वास. लांब श्वास ओढत राहिलात तर नाक लगेच थकतं, थकलं की आपल्याच मनगटाचा वास घ्या, ताजं होतं.

छोटा घोट घ्या पण लगेच गिळू नका. पाच-सात सेकंद तोंडभर फिरवा, थोडी हवा आत ओढा, सुरसुर आवाज होतो, होऊ द्या, रस्सा ओरपताना कुठं लाजतो आपण. लाळ किती सुटली, हिरड्या किती धरल्या, गोडी खरीच आहे का फळाच्या वासानं वाटतेय (नाक दाबून परत एक घोट घ्या, वासाची गोडी गायब होते, साखरेची राहते), घशात गरम किती लागतं. मग गिळा किंवा तांब्यात टाका आणि चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजा.

दोन वाईनच्या मध्ये पाणी, पावाचा तुकडा, पाच मिनिटं.

*बिघडलेली बाटली कशी ओळखायची :* भिजलेल्या पोत्याचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास, आणि तो वेळ जाईल तसा वाढतोय, म्हणजे बूच खराब. नेलपॉलिश काढायच्या लिक्विडचा किंवा व्हिनेगरचा वास, म्हणजे गेलेली. पण स्क्रूच्या झाकणाची बाटली उघडल्या-उघडल्या जळक्या काडीचा किंवा अंड्यासारखा वास आला तर लगेच ओतून देऊ नका, ग्लास जोरात फिरवून दहा मिनिटं थांबा, बऱ्याचदा तो निघून जातो.

७. आधी लिहा, मग तोंड उघडा

कागदावर प्रत्येक नंबरपुढं एवढंच : वास कशाचा, आंबट ५ पैकी किती, तुरट ५ पैकी किती, गोड ५ पैकी किती, किती रुपयांची असेल, आणि परत विकत घेईन का, हो की नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, बाकी सगळं त्याचं कारण शोधायला.

लिहून होईस्तोवर बोलायचं नाही. हा नियम कोल्हापुरात पाळून घेणं सगळ्यात अवघड, कारण पहिला घोट घेतला की कुणीतरी "नादखुळा!" ओरडणारच, आणि एकानं ओरडलं की बाकीच्या पाच जणांच्या कागदावर तीच वाईन पहिली येते. बोलेल त्यानं पुढच्या वेळी बाटली आणायची असा दंड ठेवा.

लिहून झालं की ज्याला यातलं सगळ्यात कमी कळतं असं वाटतं त्याला पहिल्यांदा बोलू द्या. नाशिकला वायनरी बघून आलेला माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच, तो शेवटी.

चारही झाल्यावर मगच कागद उघडायचे. अंदाजे किमती वाचून दाखवा, मग खरी बाटली. पाचशेवाल्या बाटलीला चौघांनी हजार लिहिलेले असतात तेव्हा जो आरडाओरडा होतो तो वेगळाच, पण त्यात एक काम विसरू नका, बाटलीचा फोटो, साल दिसेल असा, आणि खाली ग्रुपचा निकाल. दुकानात परत गेल्यावर कुणालाच नाव आठवत नाही, "ती निळ्या लेबलाची" एवढंच आठवतं.

८. आता रस्सा

तास झाला, आता आणा काय आणायचं ते. तरी दोन गोष्टी सांगतो. तांबडा रस्सा आणि तुरट रेड एकत्र घेऊ नका, अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही मिरचीची आग वाढवतात, वाईन कडू होते आणि रश्श्याचीही वाट लागते. तांबड्याबरोबर काही घ्यायचंच असेल तर गार, थोडी गोडसर रोझे. पांढऱ्या रश्श्याबरोबर मात्र थंड शेनिन फार छान जाते, नारळाच्या दुधाचा जडपणा तिच्या आंबटपणानं कापला जातो, हे करून बघाच. शिराझ सुक्या मटणाबरोबर, तिखट जरा बेतानं असेल तर. मिसळीबरोबर काहीच नाही, मिसळीबरोबर पाव आणि ताक.

उपाशीपोटी टेस्टिंगला बसू नका हे मात्र राहिलंच सांगायचं, चार-साडेचारला दहीभात, पोळी असं काहीतरी बिनतिखट खाऊन या.

९. उरलेल्या बाटल्या

झाकण घट्ट लावून सगळ्या फ्रीजमध्ये उभ्या, रेडसुद्धा. व्हाईट आणि रोझे दोन-तीन दिवस, रेड तीन-चार दिवस चालते, प्यायच्या अर्धा तास आधी रेड बाहेर काढायची. स्पार्कलिंग त्याच रात्री संपवा, बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून फेस टिकत नाही. अर्ध्या बाटल्या उरणार हे माहीत असेल तर पाण्याची छोटी काचेची बाटली आधीच धुऊन ठेवा, तिच्यात काठोकाठ भरून झाकण लावलं की आत हवाच राहत नाही आणि वाईन जास्त टिकते.

ग्लास रात्री धुवायला घेऊ नका. पाणी भरून ओट्यावर मागं सरकवून ठेवा आणि सकाळी धुवा, दांडे मोडतात ते बहुतेक रात्री साडेबाराला, चार ग्लास एका हातात धरून बेसिनकडं निघालेल्या माणसाकडनंच.